जगात जर्मनी, भारतात परभणी : नाव ठेवण्याचं राजकारण

परभणीच्या माणसाने बाहेरगावी आपल्या गावाचं नाव सांगितलं की समोरचा हटकून म्हणतो, ‘म्हणजे जगात जर्मनी, भारतात परभणी!’ आणि हसतो. आपणही हसतो. या म्हणीचा अर्थ काय, हे विचाराल तर प्रत्येक जण वेगळा सांगेल. एक म्हणेल, आम्ही जर्मनांसारखे ताठ. दुसरा म्हणेल, आम्ही त्यांच्यासारखे उलट्या खोपडीचे. तिसरा म्हणेल, काही नाही हो, नुसतं यमक आहे. मला तिसऱ्याचं पटतं. हिची धाकटी बहीण म्हणजे ‘बनी तो बनी, नही तो परभणी’. निझामाच्या अंमलदारांना परभणीची बदली म्हणजे शिक्षा वाटायची, म्हणून ती निघाली, अशी सांगोवांगी आहे. दोन्ही म्हणींमधून परभणीबद्दल फारसं काही कळत नाही. पण यमक जुळलं की लोक अर्थ शोधत बसत नाहीत, हे मात्र कळतं. राजकारणात तेवढंच पुरतं.

तरी एकदा हे यमक खरं धरून पाहू. दोन्हीकडे 1940च्या दशकात एक राजवट पडली. तिकडे 8 मे 1945, इकडे 17 सप्टेंबर 1948. तुलना राजवटींची करायची नाही. निझामाला हिटलर ठरवणाऱ्या भाषणांचा मला कंटाळा आहे. त्याने दोघांबद्दलही काही समजत नाही. तुलना करायची ती नंतरच्या गोष्टीची : जे घडलं त्याला काय म्हणायचं, आणि ते म्हणणारा कोण?

जर्मनीत हा प्रश्न लवकर पुढे आला, कारण एक माणूस तो राजवट चालू असतानाच विचारत होता. व्हिक्टर क्लेम्परर ड्रेस्डेनला फ्रेंच वगैरे भाषांचे प्राध्यापक होते. जन्माने ज्यू. नोकरी गेली, घर गेलं. बायको ज्यू नसल्यामुळे जीव वाचला. त्या बारा वर्षांत ते रोज डायरीत नाझींचे शब्द टिपत राहिले. भाषणातले, वर्तमानपत्रातले, तसे किराणा दुकानातलेही. ‘कडवा, धर्मांध’ हा जर्मन भाषेतला दूषणाचा शब्द हळूहळू कौतुकाचा कसा झाला, हे त्यांनी पाहिलं. नोंदींचं पुस्तक 1947 मध्ये आलं. त्यांचं निरीक्षण असं की नाझींना मनापासून नाकारणारी माणसंसुद्धा नकळत नाझींचेच शब्द वापरत होती. साधारण त्याच सुमारास डॉल्फ स्टर्नबर्गर आणि त्यांचे दोन सहकारी एका मासिकातून अमानुषांच्या शब्दकोशाची नोंदवही चालवत होते.

म्हणून जर्मन समाज लगेच शुद्धीवर आला असं मात्र नाही. 1945ला पश्चिमेकडचे बहुतेक लोक ‘कोसळणं’ म्हणत, नाहीतर ‘शून्य तास’. दोन्ही शब्दांत कर्ता नाही. भिंत कोसळते तशी राजवट कोसळली, घड्याळात बारा वाजावेत तसा शून्य तास आला. कोणी काही केलं नाही, कोणाला काही झालं नाही. पूर्वेकडच्या कम्युनिस्ट सरकारने मात्र 8 मे हा ‘मुक्तीचा दिवस’ ठरवून टाकला. त्यांच्या नागरिकांना असं सांगितलं गेलं की नाझी होते ते सगळे पश्चिमेला. मग पश्चिमेचा राष्ट्राध्यक्ष संसदेत उभा राहून ‘तो आपल्यासाठीही मुक्तीचा दिवस होता’ असं म्हणाला तो दिवस उजाडायला 1985 यावं लागलं. रिचर्ड फॉन वायत्सेकर यांचं ते भाषण आजही शाळेत शिकवतात. एका नामाला चाळीस वर्षं लागली. मधल्या काळात न्यूरेंबर्गच्या वंशकायद्यांवर भाष्य लिहिणारे हान्स ग्लोबके आडेनाउअर यांच्या कचेरीचे प्रमुख म्हणून दहा वर्षं कारभार पाहून गेले.

नावांचा हट्ट दोन्ही बाजूंना होता. पूर्वेने बांधलेल्या भिंतीला पूर्वेत ‘फॅसिझमविरोधी संरक्षक तट’ म्हणायचं. पश्चिमेत श्प्रिंगर कंपनीची वर्तमानपत्रं शेजारच्या देशाचं नाव अवतरणचिन्हांत छापत, म्हणजे तो देश आम्ही मानत नाही. हा उद्योग 1989च्या ऑगस्टपर्यंत चालला आणि तीन महिन्यांत भिंतच पडली. कंपोझिटरचे बिचाऱ्याचे किती खिळे खर्ची पडले असतील!

आता आपल्याकडे येऊ.

जुन्या पुणेकराच्या तोंडी आमचा मुलूख म्हणजे ‘मोगलाई’. ‘इथं काय मोगलाई लागून गेली का?’ हा वाक्प्रचार अजून चालतो, आणि तो बोलणाऱ्याला आपण परभणी-नांदेडबद्दल बोलतोय याची कल्पनाही नसते. त्या मोगलाईत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. संस्थानात जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे, पाव मराठी, त्याहून कमी कानडी. आणि राज्यकारभार, कोर्ट, वरचं शिक्षण सगळं उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये निघालं तेच उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतून आधुनिक शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं कौतुक होतं, आणि ते खरंही आहे. फक्त ती ‘देशी भाषा’ बहुसंख्य रयतेची नव्हती.

सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण 53’. गश्ती म्हणजे परिपत्रक. त्याच्या आधाराने परवानगीशिवाय चार माणसं जमवून बोलणं अवघड. म्हणून राजकारण करणाऱ्यांनी दुसरे शब्द शोधले. वाचनालय, शाळा, ‘परिषद’. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन 1937 मध्ये परतूरला भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, 1981 मध्ये जालन्यात गेलं. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. ती स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. सरकारची हरकत कामाइतकीच नावावर होती. ‘काँग्रेस’ नको. नाव बदलून ‘नॅशनल कॉन्फरन्स’ करण्यापर्यंत बोलणी गेली, तरी बंदी उठायला 1946 उजाडलं. त्याच 1938 सालात औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि उस्मानियातल्या मुलांना वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली. मुलं ऐकेनात तेव्हा शेकडो जणांना काढून टाकलं, आणि त्यांतली पुष्कळ नागपूर विद्यापीठाच्या आसऱ्याला गेली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक.

म्हणजे मराठवाड्याच्या माणसाला राजकारणाची ओळख झाली तीच शब्दावर बंदी या रूपात. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. उर्दू ही सत्तेची भाषा होती, तशी ती गल्लीतलीही होती. परभणीचे बी. रघुनाथ निझामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत मराठी कविता आणि कादंबऱ्या लिहीत राहिले. दोन्ही भाषा एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. तहसील, महसूल, पेशकार, मुंतखब, खासरा हे शब्द आजही इथल्या शेतकऱ्याच्या पिशवीत असतात. जमिनीचा वाद निघाला की तो ‘1954चं खासरा पत्रक’ शोधतो आणि त्याला ते परकं वाटत नाही.

सप्टेंबर 1948. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हुकमतीखाली भारतीय लष्कर संस्थानात शिरलं : रणगाडे, विमानं, तोफखाना. 13 तारखेला सुरुवात, 17ला शरणागती. लष्करी कागदांत नाव ‘ऑपरेशन पोलो’. जगाला सांगायचं नाव ‘पोलीस अ‍ॅक्शन’. त्यात पोलीस नावालाच. पण शब्द बेमालूम निवडला होता. निझामाची तक्रार त्याच आठवड्यात सुरक्षा परिषदेपुढे होती. युद्ध म्हटलं की दोन देश आले, पोलीस म्हटलं की घरातली भानगड. डच लोकांनी 1947 मध्ये इंडोनेशियात फौज घातली तेव्हा हाच शब्द वापरला होता, आणि 1950 मध्ये कोरियाच्या युद्धाला अमेरिकेचे ट्रुमनही तेच म्हणाले. तिघांतला आपला दावा कायद्याने आणि लोकमताने सगळ्यांत बळकट होता, असं माझं मत आहे. तरी शब्द उसनाच.

गंमत पुढे आहे. दिल्लीच्या मुत्सद्द्यांनी परदेशासाठी घडवलेला हा इंग्रजी शब्द परभणी-वसमत-पाथरीच्या खेड्यांत जसाच्या तसा रुजला. जुनी माणसं जन्मसाल सांगत नाहीत; ‘अ‍ॅक्शनच्या आधी दोन सालं’ म्हणतात. मराठी घरात ‘अ‍ॅक्शन’, दखनी बोलणाऱ्या घरात ‘पुलिस अ‍ॅक्शन’. त्याआधीच्या वर्षाला मराठीत ‘रझाकारी’. उर्दूत लिहिणारे ‘सुकूते हैदराबाद’ म्हणतात, म्हणजे हैदराबादचं पतन. जर्मनांचं ‘कोसळणं’ इथे भेटतं. सरकारी आणि शालेय मराठीत मात्र ‘मुक्तिसंग्राम’. एकाच पाच दिवसांना एकाच मोहल्ल्यात चार नावं, आणि बोलणारा कुठल्या घरातला हे नावावरून कळतं.

‘अ‍ॅक्शन’ या शब्दाखाली काय दडलं ते सांगायला हवं. निझामाच्या बाजूच्या रझाकारांनी अ‍ॅक्शनआधीच्या वर्षात गावं जाळली, माणसं मारली, हजारो कुटुंबांना ‘इंग्रजी’ मुलखात पळायला लावलं. याच्या कहाण्या मराठवाड्यात घरोघर आहेत आणि छापूनही आल्या आहेत. शरणागतीनंतर जे झालं त्याच्या कहाण्याही घरोघर आहेत, फक्त दुसऱ्या घरांत. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अंदाजाने 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यांत जास्त उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत. या आकड्यावर वाद आहे, असायलाही हरकत नाही. पण वाद घालायला अहवाल हातात लागतो, आणि तो अभ्यासकांना सहज पाहता येऊ लागला 2013च्या सुमारास. पासष्ट वर्षं ‘अ‍ॅक्शन’ या तीन अक्षरांच्या झाकणावर काम भागलं. जर्मनांनी ‘कोसळणं’ चाळीस वर्षं पुरवलं. आम्ही त्यांच्या पुढे आहोत.

‘रझाकार’चं आणखी निराळं. मूळ अर्थ स्वयंसेवक, आपखुशीने काम करणारा. लातूरचा वकील कासिम रझवी याने मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची निमलष्करी फौज उभी केली तेव्हापासून मराठीत हा शब्द शिवी झाला. पाकिस्तानात आजही तो सरळ अर्थाने चालतो. बांगलादेशात 1971च्या युद्धात पाकिस्तानी लष्कराच्या साथीदारांना हेच नाव पडलं आणि तिथेही ती शिवी झाली. मग जुलै 2024 मध्ये शेख हसीना यांनी आरक्षणाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांना उद्देशून तो शब्द काढला. त्या रात्री ढाक्याच्या वसतिगृहांतून मुलं बाहेर आली, ती ‘मग आम्ही रझाकारच’ अशा घोषणा देत. तीन आठवड्यांत हसीना देश सोडून गेल्या. शिवी इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना दिली की ती बोथट होते, हे ढाक्यात दिसलं. मराठवाड्यात निवडणूक आली की कुणीतरी कुणालातरी ‘रझाकारांची औलाद’ म्हणतोच. कधी मुसलमान उमेदवाराला, कधी पक्ष सोडलेल्या आपल्याच माणसाला, कधी पाणी न सोडणाऱ्या अधिकाऱ्याला. ज्यांच्या वाड्याला खरंच रझाकारांनी आग लावली त्यांच्या नातवंडांना हा शब्द आता वीज मंडळाच्या इंजिनिअरसाठी वापरलेला ऐकावा लागतो.

17 सप्टेंबरच्या नावाचं भांडण महाराष्ट्रात कमी, तेलंगणात आणि कर्नाटकात जास्त. केंद्र सरकारने 2022 पासून ‘हैदराबाद मुक्ती दिन’ साजरा करायला घेतला. त्याच वर्षी तेलंगणाच्या तेव्हाच्या सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ केला. 2024 मध्ये तिथल्या काँग्रेस सरकारने ‘प्रजापालन दिन’ म्हटलं. कर्नाटकाने 2019 मध्ये त्या भागाचंच नाव कल्याण कर्नाटक करून दिवसही ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ केला. निझामाचं एक संस्थान, त्याचे तीन राज्यांत तीन तुकडे, आणि एकाच सकाळी तीन राज्यांत झेंडे वेगवेगळ्या नावांनी वर चढतात. आपल्याकडे ‘मुक्तिसंग्राम दिन’ हे नाव ठरलेलं आहे, म्हणून विचार करायचंही कारण पडत नाही.

विचार केला होता तो नरहर कुरुंदकरांनी. मूळचे कुरुंद्याचे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या वसमत तालुक्याचे. त्यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकाच्या नावात ‘विमोचन’ आणि ‘विसर्जन’ असे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत, आणि माझ्या मते या विषयावर मराठीत केलेलं हे सगळ्यांत अचूक नामकरण आहे. 1948 मध्ये विमोचन झालं, संस्थान उरलं. ज्याच्यापासून मुक्ती मिळवली तो निझाम 1950 पासून ‘राजप्रमुख’ म्हणून राज्याच्या शिरावर बसला, तो 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत. दुसऱ्या दिवशी हैदराबाद राज्यच विसर्जित झालं आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ‘मुक्ती’ या एका शब्दात ही आठ वर्षं मावत नाहीत. भाषणांत ती नसतातच.

इथून पुढे मराठवाड्याची भाषा बदलते. शत्रू संपला, आता तक्रार सुरू. 1953चा नागपूर करार आधीच झालेला होता. समतोल विकासाची आश्वासनं मिळाली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं मराठवाड्याला लागलेलं विशेषण ‘मागासलेला’. हा शब्द फार वाईट. मागासलेला म्हणजे चालता चालता मागे पडलेला, दोष चालणाऱ्याच्या पायांचा. मागणी करताना आपणच तो शब्द वापरायचो आणि मुंबईच्या कानाला तो अर्ज वाटायचा. अर्जदाराला जे मिळतं ते मिळत राहिलं. 1972 मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आलं ते मात्र अर्जाने नव्हे, रस्त्यावर उतरून.

मग 1983 मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. समितीने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पंप यांची जिल्हावार सरासरी काढली आणि सरासरीच्या खाली जे पडलं त्याची किंमत मांडली : राज्यभर एकूण सुमारे 3186 कोटी रुपये, त्यांत मराठवाड्याचे साधारण 750 कोटी. समितीच्या कामातून जो शब्द घरोघर पोचला तो ‘अनुशेष’. तोवर हिशेबनिसांच्या वहीत असेल-नसेल असा हा संस्कृत शब्द परभणीच्या पानटपरीवर आला. त्याने वाक्याची रचनाच बदलली. मागासलेला माणूस मागतो. ज्याचा अनुशेष आहे त्याचं येणं असतं. ज्याच्याकडे थकलंय त्याला उत्तर द्यावं लागतं. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेची माणसं हा शब्द हातात धरून वर्षानुवर्षं मुंबईला जात राहिली, आणि 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं अस्तित्वात आली. एका चांगल्या शब्दाचा याहून जास्त उपयोग मी पाहिलेला नाही.

अर्थात शब्दाला कात्रीही लावता येते. मंडळांच्या नावातला ‘वैधानिक’ पुढे गळाला. 2020च्या एप्रिलअखेर मुदत संपली आणि मंडळंच थांबली. ‘अनुशेष’ हा शब्द भाषणांत उरला, हिशेबातून गेला. आता जो तो ज्याचा-त्याचा अनुशेष सांगतो : भरतीचा अनुशेष, क्रीडांगणाचा अनुशेष, लग्नाच्या वयाच्या पोरांचा अनुशेष. शेवटचा विनोद परभणीत ऐकला.

नामांतराचं प्रकरण आठवलं की अजूनही शहारा येतो. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने ठराव केला : मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. त्यानंतर मराठवाडाभर बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, विहिरी नासवल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा खून झाला. परभणी जिल्हा त्यातून सुटला नाही. विरोध करणाऱ्यांचा शब्द होता ‘अस्मिता’ : मराठवाड्याचं नाव पुसलं जातंय. ज्यांनी निझामाविरुद्ध ‘मुक्ती’ हा शब्द मराठवाड्याला शिकवला त्या गोविंदभाईंनी आणि अनंत भालेरावांनी इथे विरोधाची बाजू घेतली, हे लिहिताना आनंद होत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला मुक्ती हा शब्द पुरला नव्हता, त्याला एक नाव हवं होतं, हे त्यांना दिसायला हवं होतं. सोळा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 रोजी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं नाव लागलं आणि सरकारने या गोष्टीला नामांतर न म्हणता ‘नामविस्तार’ म्हटलं. एका नामाने दोन्ही बाजूंना घरी जाता आलं. त्याच वर्षी नांदेडला मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं दुसरं विद्यापीठ निघालं आणि परभणीची कॉलेजं तिकडे गेली.

मला ‘नामविस्तार’ ही तडजोड वाईट वाटत नाही. खटकतं ते असं की ज्यांची घरं जळाली त्या घटनेला आपल्याकडे अजून नाव नाही. ‘नामांतराची दंगल’ म्हणतात. दंगल म्हणजे दोन जमाव एकमेकांवर. इथे एक जमाव होता आणि एक वस्ती.

आता शिवसेनेची एक घोषणा. ‘खान हवा की बाण?’ ही 1980च्या दशकाअखेरीस औरंगाबादेत आणि परभणीत गाजलेली घोषणा. चार शब्द, त्यांतले दोन यमकाचे. ‘की’ हे अव्यय मराठीत अतिशय निरागस आहे. चहा की कॉफी, शिरा की उपमा. त्याने मतदाराला विचारलं, आणि उमेदवार, रस्ता, कापसाचा भाव, धरणाचं पाणी हे सगळं त्या ‘की’च्या पलीकडे राहिलं. परभणी लोकसभा मतदारसंघ 1991 पासून, 1998चा अपवाद सोडला तर, शिवसेनेच्या हातात राहिला तो निव्वळ घोषणेमुळे असं मी म्हणणार नाही. गावोगाव शाखा होत्या, भांडणारी पोरं होती. पण घोषणेने रेघ आखली ती राहिली. मग सेना फुटली आणि 2023 मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. 2024 मध्ये परभणी विधानसभेला बाण एका बाजूला आणि ठाकरे गटाची मशाल दुसऱ्या बाजूला अशी सरळ लढत झाली, आणि मशाल निवडून आली. मुसलमान मोहल्ल्यांनी ज्या सेनेला मत दिलं तिच्याकडे बाण नव्हता. ज्यांच्याकडे बाण होता ते हरले. पस्तीस वर्षांची घोषणा एका निकालात व्याकरणाने चुकीची ठरली. त्याच निवडणुकीत हिंदीतून नव्या आल्या, ‘बटेंगे तो कटेंगे’ वगैरे. त्यांतही यमक आहे, आणि आता ते भाषांतर करायचेही कष्ट घेत नाहीत.

अलीकडची तीन वर्षं तर मराठवाड्याचं राजकारण अक्षरशः शब्दांच्या व्याख्येवर चाललं आहे. 1 सप्टेंबर 2023ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. आठवडाभरात शासन निर्णय आला की निझामकाळच्या कागदात ‘कुणबी’ नोंद असलेल्यांना प्रमाणपत्र द्यावं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुने दस्त धुंडाळायला घेतले तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं हुडकायची वेळ आली. ज्या उर्दूला पाऊणशे वर्षं ‘रझाकारांची भाषा’ म्हणून हिणवलं, तिच्यात लिहिलेला एक शब्द मराठ्यांच्या पोराला सरकारी नोकरीच्या दारात नेऊ शकत होता. पुढच्या जानेवारीत अधिसूचनेच्या मसुद्यात ‘सगेसोयरे’ आले. लग्नपत्रिकेतला हा शब्द. मागणीत ‘सरसकट’ होतं, सरकार ‘सरसकट नाही’ म्हणत होतं. सप्टेंबर 2025च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेट आलं, आणि आधी असलेला ‘पात्र’ हा शब्द नंतर का काढला यावरून ओबीसी नेते चिडले. सोयऱ्यांची व्याख्या करता करता गावातल्या सोयरिकी तुटायची वेळ आली, हे 2024च्या लोकसभेत परभणीने आणि बीडने अनुभवलं. आजोबांच्या वेळी जातीची विचारपूस फक्त लग्न ठरवताना व्हायची, असं खोटं मी म्हणणार नाही. पण पेट्रोल पंपावर ती होत नव्हती.

10 डिसेंबर 2024. परभणी रेल्वे स्टेशनसमोर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती एका माणसाने फोडली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. 15 तारखेला कायद्याचं शिक्षण घेणारा एक अटकेतला तरुण मरण पावला. त्या आठवड्यातले शब्द आठवून पाहा. प्रतिकृती फोडणारा बातम्यांत लगेच ‘माथेफिरू’ झाला, म्हणजे चौकशीआधीच निदान. मोर्चातले लोक ‘जमाव’ झाले. वस्तीत पोलीस शिरले ते ‘कोंबिंग’ होतं की नव्हतं यावर विधानसभेपर्यंत खल झाला. तरुणाचा मृत्यू ‘न्यायालयीन कोठडीत’ झाला, आणि प्रश्न होता की मार ‘पोलीस कोठडीत’ बसला का. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै 2025 मध्ये गुन्हा नोंदवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. ‘पोलीस अ‍ॅक्शन’पासून ‘कोंबिंग’पर्यंत, अंगणात पोलीस येतात तेव्हा मराठीत शब्द नसतो.

जर्मनांना हे सगळं जमलं का? त्यांनी शब्दांवर पहारा बसवला खरा. 1991 पासून तिथे दरवर्षी ‘वर्षाचा अपशब्द’ जाहीर करतात. अभ्यासकांची छोटी समिती, लोकांकडून आलेल्या सूचना, आणि जानेवारीत निकाल. पहिला शब्द होता ‘परदेशीमुक्त’, 2023चा ‘रीमायग्रेशन’. म्हणजे परत पाठवणी, हाकलून देण्याला दिलेलं इस्त्रीचं नाव. तो कसा वापरला जातोय हे एका शोधपत्रकारांच्या संस्थेने उघड केल्यावर लाखो माणसं थंडीत रस्त्यावर आली. नाझी निमलष्करी दलाची जुनी घोषणा सभेत दिली म्हणून कडव्या उजव्या एएफडी पक्षाचे ब्योर्न ह्योके यांना 2024 मध्ये हाले इथल्या कोर्टाने 13 हजार युरो दंड केला. मग काय झालं? जानेवारी 2025 मध्ये पक्षाच्या अधिवेशनात लोकांनी त्या घोषणेतला पहिला शब्द बदलून तिथे त्यांच्या नेत्या आलिस यांचं नाव घातलं, जे कानाला जवळजवळ सारखंच लागतं. कायद्यात यमकाला कलम नाही. दीड महिन्यात, संसदेच्या निवडणुकीत, त्या पक्षाला 20.8 टक्के मतं पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर गेला.

पहारा बसवून घर वाचतंच असं नाही, पण घरात कोण शिरलं ते कळतं. आपल्याकडे पाटी बदलण्याची हौस दांडगी आहे; औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव 2023 मध्ये झालं, परभणीसाठी ‘प्रभावती’ अधूनमधून निघतंच. पाट्या बदला, माझी हरकत नाही. विदर्भातल्या पातूर नगरपालिकेच्या पाटीवरची उर्दू काढायला निघालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये भाषा म्हणजे धर्म नव्हे असं बजावलं, तेवढं वाचून मग बदला. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे. आपण दोन्ही भरपूर करतो. ठेवलेलं नाव तपासायचं काम मात्र कुणाच्या अंगावर पडलेलं नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. ‘अ‍ॅक्शन’च्या वेळी जी पोरं दहा वर्षांची होती ती आता सत्त्याऐंशीच्या पुढे आहेत. परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, सेलू, कुठल्याही गावात, कुठल्याही मोहल्ल्यात आणि वस्तीत असं एखादं माणूस अजून बाजेवर बसलेलं सापडेल. त्यांच्याजवळ बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि ते ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत उतरवा. त्यांनी ‘अ‍ॅक्शन’ म्हटलं तर ‘मुक्तिसंग्राम’ लिहू नका, ‘पळापळ’ म्हटलं तर ‘स्थलांतर’ लिहू नका, आणि गप्प बसले तर तेही लिहा. हे काम येत्या 17 सप्टेंबरच्या आधी सुरू करा.